जगबुडी, कयामत, कालज्ञान: जगाच्या अंताच्या कल्पनांची पार्श्वभूमी

सोलापुरात जगाच्या अंताला निदान चार नावे आहेत. मराठी घरात जगबुडी किंवा प्रलय, उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यात कयामत, आणि कन्नड व तेलुगू घरांत कालज्ञान या भविष्यकथनात सांगितलेले शेवटचे दिवस. बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण त्यांचे अर्थ एक नाहीत. अंताची नवी तारीख मोबाइलवर फिरू लागते तेव्हा बहुतेक वेळा एका परंपरेतली घटना, दुसरीतला आकडा आणि विज्ञानाच्या बातमीतला एखादा शब्द अशी सांगड घातलेली असते.

सगळ्यात जास्त गुंता 'प्रलय' या शब्दाचा आहे. नदीला पूर आला की वर्तमानपत्रात 'महाप्रलय' छापून येतो, त्यामुळे प्रलय म्हणजे पाणी हे समीकरण डोक्यात पक्के बसले आहे. पुराणांत प्रलय चार प्रकारचा आहे. रोज जीव मरतात तो नित्य, ब्रह्मदेवाचा दिवस संपतो तेव्हाचा नैमित्तिक, ब्रह्मदेवाचे आयुष्य संपून पंचमहाभूतेही मूळ प्रकृतीत विरतात तो प्राकृतिक, आणि ज्ञानाने एका जीवाची सुटका होते तो आत्यंतिक. दासबोधात समर्थांनी पाच प्रलय मोजले आहेत: पिंडाचे दोन, निद्रा आणि मरण, ब्रह्मांडाचे दोन, ब्रह्मदेवाची निद्रा आणि त्याचे मरण, आणि पाचवा विवेकाचा. म्हणजे पाचांपैकी तीन तर माणसाच्या झोपेशी, मरणाशी आणि समजुतीशी बांधलेले. या दोन्ही याद्यांत 'कलियुगाचा शेवट' हा प्रलय म्हणून कुठेच नाही. युग संपले की पुढचे कृतयुग सुरू होते. पृथ्वी, नद्या, माणसे राहतात. 'कलियुग संपले की जग संपणार' हे वाक्य परंपरेच्या हिशेबातच बसत नाही.

नैमित्तिक प्रलयाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. विष्णुपुराणात त्याची सुरुवात पुराने होत नाही, शंभर वर्षांच्या अनावृष्टीने होते. मग सूर्याचे सात सूर्य होतात, समुद्रापासून पाताळापर्यंतचे पाणी आटते, जमीन कासवाच्या पाठीसारखी उघडी पडते, मग आग, आणि सर्वांत शेवटी संवर्तक मेघ शंभर वर्षांहून अधिक काळ बरसतात. जगबुडी हा शेवटचा टप्पा. पाली बौद्ध परंपरेतही सात सूर्य एकामागून एक उगवतात: दुसऱ्याला ओढे आटतात, तिसऱ्याला मोठ्या नद्या, चौथ्याला त्यांच्या उगमाची सरोवरे, पाचव्याला समुद्र. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, 1876-78 चा आणि 1972 चा दुष्काळ भोगलेल्या जिल्ह्याला हा क्रम कोणी वेगळा समजावून सांगायला नको.

आता आकडे. कोणत्याही पूजेच्या संकल्पात काळाचा पूर्ण पत्ता येतो: ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे दुसरे परार्ध म्हणजे उत्तरार्ध, श्वेतवाराहकल्प (कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस), वैवस्वत मन्वंतर (मन्वंतर म्हणजे कल्पाच्या चौदा भागांपैकी एक), अठ्ठावीसवे कलियुग, त्याचा पहिला चरण, मग स्थळ. कलियुगाची किती वर्षे गेली हे काढायला चालू शकात 3179 मिळवायचे. शके 1947 घेतले तर 5126. कलियुग 4,32,000 वर्षांचे. म्हणजे उरली 4,26,874.

वादाची जागा इथेच आहे, आणि ती एका गुणाकारात आहे. मनुस्मृतीत चार युगांची मूळ मोजणी 4800, 3600, 2400 आणि 1200 अशी आहे, मिळून 12,000. प्रत्येक आकड्यात मूळ युग आणि त्याच्या दोन्ही टोकांची संधी, म्हणजे सांधणारा काळ, धरलेली आहे: कलीचे 1000, अधिक आधीचे 100, अधिक नंतरचे 100. ही वर्षे देवांची की माणसांची, हा प्रश्न. पुराणांनी आणि खगोलगणिताच्या सिद्धांतग्रंथांनी ती देवांची धरली, देवांचा एक दिवस म्हणजे माणसाचे एक वर्ष म्हणून 360 ने गुणले, आणि 1200 चे 4,32,000 झाले. आपली सगळी पंचांगे याच निर्णयावर उभी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही अभ्यासकांनी उलटी बाजू मांडली: मनुस्मृतीतली वर्षे साधी मानवीच आहेत, 360 चा गुणाकार मागाहून आला. ते खरे धरले तर 1200 वर्षांचे कलियुग केव्हाच संपून गेले, आणि मग ते संपल्याची तारीख शोधायची धडपड सुरू होते. विसाव्या शतकात उदयाला आलेल्या एका पंथात तर चारही युगे सारखी, 1250 वर्षांची, आणि पूर्ण चक्र 5000 वर्षांचे. 'कलियुग आता शेवटच्या घटका मोजते आहे' हे वाक्य बहुतेक या दोन वाटांनी येते. पण सांगणारा ते पंचांगाच्या भाषेत सांगतो, आणि चूक नेमकी तिथे होते. 360 ने गुणायचे नसेल तर संकल्पातला 'प्रथमचरण' हा शब्दही सोडावा लागतो. दोन्ही एकत्र धरता येत नाहीत.

सारखी युगे ही कल्पना नवी नाही. इ.स. 499 च्या सुमारास कुसुमपूरच्या आर्यभट या गणितज्ञाने महायुगाचे, म्हणजे चार युगांच्या पूर्ण चक्राचे, चार समान भाग केले होते, प्रत्येकी 10,80,000 वर्षांचे. मन्वंतरात त्याने 71 ऐवजी 72 महायुगे घेतली, त्यामुळे त्याच्या कल्पात 1000 ऐवजी 1008 महायुगे आली. सातव्या शतकातल्या दुसऱ्या मोठ्या गणितज्ञाने हे स्मृतींच्या विरुद्ध आहे म्हणून त्याला खडसावले. तरीही इ.स.पू. 3102 हा कलीचा आरंभ दोघांनाही मान्य होता. तो ग्रहांच्या मध्यम गती मागे मोजत नेऊन काढलेला असावा, असे गणिताचे इतिहासकार मानतात.

आणखी एक चूक फार पसरली आहे: 'कल्प 432 कोटी वर्षांचा, विज्ञान पृथ्वीचे वय 454 कोटी सांगते, बघा जुळले.' 432 कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी आहे. संकल्पाप्रमाणे त्यातले सहा मन्वंतरे, त्यांच्या मागेपुढच्या सात संधी, सत्तावीस महायुगे आणि तीन युगे गेली. बेरीज 197 कोटी 29 लाख 44 हजार, त्यात कलियुगाची गेलेली वर्षे मिळवायची. गेलेला काळ 454 कोटींच्या निम्म्याहूनही कमी भरतो. आकडे जुळवण्याच्या हौसेत परंपरेचा हिशेब मोडतो आणि विज्ञानाचाही. इतकी नेटकी बेरीज करणाऱ्यांवर हा अन्याय आहे.

बाकीच्या परंपरा थोडक्यात. जैन मताप्रमाणे जग कधी निर्माण झाले नाही आणि संपणारही नाही. उतरत्या काळाचे सहा आरे, म्हणजे टप्पे, असतात, आज पाचवा चालू आहे, तो 21,000 वर्षांचा, पैकी सुमारे अडीच हजार सरली. सहाव्याच्या अखेरीस सात प्रकारच्या विनाशक वर्षावांचे 49 दिवस सांगितले आहेत, पण तो विनाशही आपल्या क्षेत्रापुरता. इस्लाममध्ये कयामतीची वेळ फक्त अल्लाहला ठाऊक. खुणा सांगितल्या आहेत, तारीख नाही. तरीही उपखंडात 'चौदावे शतक शेवटचे' ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालली. हिजरी 1400 च्या पहिल्याच दिवशी, 20 नोव्हेंबर 1979 ला, मक्केच्या मशिदीचा सशस्त्र ताबा घेणाऱ्यांनी आपल्यातल्या एकाला महदी, म्हणजे शेवटच्या काळात येणारा मार्गदर्शक, म्हणून पुढे केले. वर्षभराने पंधरावे शतक लागले. ख्रिस्ती धर्मग्रंथही दिवस आणि घटका कोणाला ठाऊक नाही असेच सांगतो. 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख अमेरिकेत छातीठोकपणे सांगितली गेली आणि टळली.

तेलुगू कालज्ञान हा सतराव्या शतकातल्या एका संतकवीच्या नावे चालणारा भविष्यकथनाचा प्रकार. कन्नडमध्ये वीरशैव परंपरेचे स्वतःचे कालज्ञान आहे. दोन्हींत तारखांपेक्षा समाज कसा बिघडेल याचे वर्णन अधिक. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली भाकणूक मात्र यात मोजू नये. होम मैदानावर दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, बोरे, खारीक ठेवतात, आणि ते कशाला तोंड लावते, बिथरते की शांत राहते, यावरून पाऊस आणि भाव सांगतात. तो एका वर्षाचा अंदाज आहे. जगाच्या अंताचा त्यात संबंध नाही.

आधुनिक काळातली आपल्याकडची सर्वांत मोठी भीती फेब्रुवारी 1962 ची अष्टग्रही. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे 3 ते 5 फेब्रुवारीला पंचांगाच्या निरयन पद्धतीप्रमाणे मकर राशीत होते, त्यात 5 तारखेला सूर्यग्रहण. देशभर यज्ञ झाले, अनेकांनी प्रवास टाळले. काही घडले नाही, आणि का घडणार नव्हते हे तेव्हाही काढता येत होते. भरती-ओहोटीची ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या घनाने घटते. चंद्राची ओढ 1 धरली तर सूर्याची सुमारे 0.46, शुक्र अगदी जवळ असताना त्याची 0.00005, गुरूची त्याहून कितीतरी कमी. शिवाय मंगळ, गुरू आणि शनी सूर्याच्याच राशीत, म्हणजे सूर्याच्या पलीकडे. ज्या युतीची भीती घातली गेली तिच्यातच हे ग्रह पृथ्वीपासून जवळजवळ सर्वांत लांब होते.

21 डिसेंबर 2012 ला जग संपणार या भीतीची गोष्ट याहून सोपी. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या दिनगणनेत 1,44,000 दिवसांचा एक बकतुन; तेरा बकतुन पूर्ण झाले, दुसऱ्या दिवशी गणना पुढे चालू राहिली.

विज्ञानातही एकच अंत नाही. सोलापूर ज्या काळ्या पाषाणावर बसले आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच काळात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुमारे 10 किलोमीटरचा लघुग्रह आदळला आणि सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती नष्ट झाल्या. दोष लाव्हाचा किती आणि आघाताचा किती, हा वाद आजही चालू आहे; बहुसंख्य मत आघाताकडे झुकते. असे आघात आज आधी हेरता येतात. फेब्रुवारी 2025 मध्ये एका साधारण 60 मीटरच्या लघुग्रहाची 2032 मध्ये धडकण्याची शक्यता 3.1 टक्क्यांपर्यंत चढली आणि आठवडाभरात जवळपास शून्यावर आली. लोकांना वाटले शास्त्रज्ञांनी शब्द फिरवला. प्रत्यक्षात प्रत्येक नव्या निरीक्षणाने संभाव्य मार्गाचा पट्टा अरुंद होतो. पृथ्वी अजून पट्ट्यात असेल तोवर टक्का वाढतो, आणि पट्टा तिच्यावरून सरकला की एकदम कोसळतो. चढ आणि उतार दोन्ही अपेक्षितच असतात.

खरा दूरचा अंत सूर्याकडून आहे. तो दर 110 कोटी वर्षांत सुमारे 10 टक्के तेजस्वी होतो. ऊन वाढले की पावसातला कार्बन डायऑक्साइड पाषाण जास्त वेगाने झिजवतो, त्यातला कॅल्शियम त्या वायूला चुनखडीत बांधून टाकतो. काळ्या रानात नांगराला लागणारे पांढरे चुनखडीचे खडे हे याच जातीच्या क्रियेचे नमुने. हवेतला हा वायू आज दहा लाखांत 420 हून अधिक भाग आहे आणि तो वाढतो आहे, ती वाढ आपली आहे आणि आजची चिंता तीच. पण कोट्यवधी वर्षांच्या पल्ल्यात तो घटत जाणार. सर्वसाधारण प्रतिमानांत गहू, तूर, हरभरा यांच्या पद्धतीच्या वनस्पती 150 भागांच्या आसपास हार मानतात. ज्वारी वायू पानात एकवटून वापरते, म्हणून ती 10 भागांपर्यंत तगू शकते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी त्या हिशेबात गव्हानंतरही खूप काळ उभी राहील. हे किती वर्षांनी, यावर आकडे 60 कोटींपासून 160 कोटींपर्यंत बदलतात. समुद्र आटणे साधारण 100 कोटी वर्षांनंतर, सूर्य फुगू लागणे सुमारे 500 कोटींनंतर.

विश्वाचा शेवट याहून वेगळा प्रश्न. 1998 मध्ये विश्वाचा विस्तार वेग घेतो आहे असे दिसले, तेव्हापासून ते थंड आणि विरळ होत जाईल हे मत वरचढ आहे. हा वेग वाढवणारी कृष्ण ऊर्जा स्थिर नसावी अशा खुणा 2024 आणि 2025 च्या मोजणीत आल्या आहेत, त्या अजून पक्क्या नाहीत. पुन्हा आकुंचन होऊन नवे चक्र सुरू होईल असे त्यावरून लगेच म्हणता येत नाही, आणि कल्पांताचा पुरावा म्हणून तर नाहीच.

पुढची ठरलेली मोठी भेट अपोफिस या सुमारे 340 मीटरच्या लघुग्रहाची. 2004 मध्ये त्याच्या धडकेची शक्यता 2.7 टक्क्यांपर्यंत गेली होती. 2021 च्या रडार निरीक्षणांनी निदान शंभर वर्षांचा धोका निकाली काढला. भारतीय वेळेप्रमाणे 14 एप्रिल 2029 च्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे 32,000 किलोमीटरवरून निघून जाईल.