वर्डप्रेस : वैयक्तिक संकेतस्थळाची सुरुवात

वर्डप्रेस ही संकेतस्थळावरचा मजकूर लिहिण्याची, साठवण्याची आणि वाचकापुढे मांडण्याची मुक्त आशय व्यवस्थापन प्रणाली आहे. अशा प्रणालीला बोलताना सगळे सीएमएसच म्हणतात. मिशेल वाल्द्रिगी यांच्या ‘बी२’ या प्रणालीचे काम थंडावले, तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तिच्यावरून वर्डप्रेस घडवली. पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. प्लगइनची, म्हणजे जादा सुविधा जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, सोय २००४ मध्ये, थीम (संकेतस्थळाच्या रूपाचा साचा) आणि स्थिर पाने २००५ मध्ये, तर ठोकळे रचून लिहिण्याचा ‘गुटेनबर्ग’ संपादक डिसेंबर २०१८ मध्ये आला. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे ती कोणालाही विनामूल्य वापरता येते, बदलताही येते.

मजकूर आणि त्याचे रूप वेगळे ठेवणे हा या प्रणालीचा गाभा आहे. लेख डेटाबेसमध्ये राहतो, तो दिसावा कसा हे थीम ठरवते. म्हणून थीम केव्हाही बदलता येते. नवखी माणसे मात्र पहिले कित्येक दिवस थीम निवडण्यातच घालवतात. तो वेळ लेखांच्या वेबपत्त्यांच्या रचनेला द्यावा, कारण ती मागाहून बदलली की लोकांनी जपून ठेवलेले दुवे तुटू शकतात.

सुरुवात दोन वाटांनी होते. वर्डप्रेस डॉट कॉमवर खाते उघडले की देखभाल ती सेवा पाहते, पण मोकळीक निवडलेल्या योजनेपुरती. दुसऱ्या वाटेने डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आणि होस्टिंग (ते ठेवायला सर्व्हरवरची जागा) विकत घेऊन प्रणाली स्वतः बसवायची. बहुतेक होस्टिंगवर हे काम काही मिनिटांत होते. डोमेनची नोंदणी स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर असावी. ओळखीच्या माणसाने करून दिले, तरी हे आग्रहाने पाहावे.

डॅशबोर्डमध्ये, म्हणजे संकेतस्थळ चालवण्याच्या पडद्यावर, शिरल्यावर पोस्ट आणि पेज यांतला फरक आधी समजून घ्यावा. पोस्ट तारखेनुसार रचल्या जातात. ‘माझ्याविषयी’, ‘संपर्क’ असा कायमचा मजकूर पेजवर ठेवतात. त्यानंतर सेटिंग्जमधल्या पर्मालिंक (लेखाचा कायमचा पत्ता) या भागात जाऊन पत्त्यात फक्त लेखाचे नाव येईल असा पर्याय निवडावा.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल आधी सांगणारे कोणी भेटत नाही. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्केचिन्हांच्या रूपात नऊ अक्षरे व्यापते. काना, वेलांटी, हलन्त हेही त्यात स्वतंत्र धरले जातात. शीर्षकावरून पत्ता तयार करताना वर्डप्रेसची मर्यादा २०० अक्षरांची, म्हणजे जेमतेम २२ चिन्हांची. ‘आमच्या गावातल्या जुन्या विहिरी’ असे शीर्षक दिले, तर पत्ता ‘जुन्या’पाशी संपतो आणि विहिरी गळतात. म्हणून प्रकाशित करण्यापूर्वी पत्ता हाताने आखूड करावा. ‘जुन्या-विहिरी’ पुरे.

थीमही मराठी मजकूर घालूनच पारखावी. रोमन लिपीसाठी आखलेल्या काही थीम शीर्षकांच्या अक्षरांत जादा अंतर सोडतात, त्याने शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. ओळी फार जवळ असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ हा मुक्त फॉन्ट वाचायला सुखद आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेख मात्र सरळ चिकटवू नयेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, रूपांतर केल्याशिवाय ते निरर्थक चिन्हांसारखे दिसतात.

प्लगइन मोजकीच ठेवावीत. ज्याचे काम संपले ते नुसते बंद न करता काढून टाकावे, कारण अद्ययावत न केलेली प्लगइन हा घुसखोरीचा नेहमीचा मार्ग आहे.

बॅकअपविषयी एक गैरसमज महागात पडतो. डॅशबोर्डमधून निर्यात केलेल्या फाइलमध्ये लेख असतात, छायाचित्रांचे मात्र फक्त पत्ते. नव्या ठिकाणी आयात करताना चित्रे जुन्या सर्व्हरवरून ओढून घेतली जातात, आणि जुने होस्टिंग तोवर बंद झालेले असेल तर ती मिळत नाहीत. डेटाबेस आणि ‘अपलोड्स’ फोल्डर, दोन्हींची प्रत आपल्या संगणकावर हवी.