ताणाची ओळख (ग्रामीण विदर्भ)

ताणाची ओळख : लांबलेल्या काळजीने शरीरात व मनात घडणारे बदल वेळेवर ध्यानात येणे. ‘ताण’ हा शब्द वऱ्हाडातल्या रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. ‘टेन्शन’ येतो, पण बहुधा कारण सांगण्यापुरता: पोरीच्या लग्नाचं टेन्शन, बँकेचं टेन्शन. त्या टेन्शनने अंगाचे काय केले, यासाठी बोली वेगळी आहे. जीव घाबरते, हातपाय गळते, डोकं जड पडते, पोटात गोळा उठते. दवाखान्यात एवढेच कानावर पडले, की पित्ताची गोळी मिळते नाहीतर सलाईन लागते. दोन दिवस बरेही वाटते, आणि खरे दुखणे तसेच राहते.

संकट समोर दिसताच मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या इशाऱ्याने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठरतात, पचन मंदावते. धुऱ्यावर (बांधावर) साप दिसला की माणूस दोन हात मागे उडतो, तो याच जोरावर. साप बिळात गेला की शरीर थोड्या वेळात निवते. कर्ज आणि कोरडे आभाळ मात्र बिळात जात नाही. ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ पासून मांडलेल्या विवेचनात ताणाचे तीन टप्पे आहेत: धोक्याची जाणीव, प्रतिकार आणि गळाठा. मधला टप्पा फसवा. माणूस रोज वावरात जातो, डवरणी करतो, चारचौघांत हसतो. घरच्यांना सारे ठीक वाटते.

खुणा दिसतात त्या सवयींत. मृग लागून दहा दिवस झाले, सरकी (कपाशीचे बी) टोबलेली आणि पावसाचा पत्ता नाही. अशा वेळी रात्री तीनला उठून अंगणातल्या बाजेवर बसलेला कास्तकार आभाळ पाहतो, असे वाटते. दुबार पेरणी आटोपल्यावरही तो तीनलाच उठत असेल, तर ते आभाळ पाहणे नव्हे. तोच हिशेब पुन्हापुन्हा मांडणे, पाण्याची मोटार बंद करायचे विसरणे, पारावर बसणे सोडणे, बैलावर विनाकारण हात उगारणे, ही त्याचीच रूपे. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) वाढतो. दिवसाच्या दोन पन्न्यांच्या (पुड्यांच्या) सहा झाल्या, हे बायकोला कोणत्याही डॉक्टरआधी कळते; घरात करता येणारी याहून सोपी तपासणी नसावी.

बायकांच्या तक्रारी आणखी आडून येतात: कंबर, डोके, कमजोरी, अंगावरून पांढरे जाणे. जंतुसंसर्ग नसतानाही ही शेवटची तक्रार मनाच्या ओझ्याशी जोडलेली असू शकते. आशाताईने (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने) “काकू, झोप कशी लागते?” एवढे विचारले, की उत्तर येते, “झोप कायची बाई, बारा वाजता डोळा लागते, तीनले उघडते.” मग बचतगटाचा हप्ता निघतो, नवऱ्याची दारू निघते.

सगळेच ताणावर ढकलणेही घातक. कमजोरीमागे रक्तक्षय असू शकतो, अंगदुखीमागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. छातीत कळ आली तर आधी ईसीजी. फवारणीच्या दिवसांत तर विशेष जपावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. घाम, घाबरणे, मळमळ ही लक्षणे ताणात आणि विषबाधेत सारखी. पण ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाच्या बाधेत लाळ सुटते व डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. भीतीने त्या मोठ्या होतात. बाहुली बारीक दिसली तर धीर देत बसू नये, गाडी काढावी.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांना हे ओळखायला शिकवले गेले. तेथील पाहण्यांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आजार तोच होता आणि गावेही तीच. फरक पडला तो विचारणारे कोणी दारात येऊ लागल्याने. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक व कामातला रस गेलेला राहिला, तर तो नुसता ताण न मानता नैराश्याची तपासणी करून घ्यावी. ‘माझ्यामागं पोराईले पाहा’ असे बोलणे, सातबारा आणि पासबुक एकाएकी कोणाच्या हाती सोपवणे, आवडती वस्तू देऊन टाकणे यांना निरवानिरव समजून सोडू नये. त्या माणसाला एकटे ठेवू नये, आणि मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पोलिसांच्या धाकाने लपवण्याचेही कारण नाही: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते.