यूएसबी माईक : पारख आणि खानदेशातील ध्वनिमुद्रण

यूएसबी माईक : ध्वनिग्राहक कोश (कॅप्सूल), पूर्वप्रवर्धक (प्रीॲम्प) आणि सदृश (ॲनलॉग) संकेताचे अंकांत रूपांतर करणारे मंडल ही तिन्ही अंगे एकाच कवचात असलेला, संगणकाला यूएसबी तारेने थेट जोडला जाणारा मेजावरचा मायक्रोफोन. थेट प्रक्षेपण (स्ट्रीमिंग), निवेदन, ध्वनिपुस्तके, ऑनलाइन शिकवणी आणि घरगुती गायनमुद्रण यांसाठी तो वापरतात. मराठीत मायक्रोफोनला ध्वनिक्षेपक व ध्वनिग्राहक असे दोन्ही शब्द रूढ आहेत. पहिला शब्द अर्थाने सदोष आहे, कारण हे साधन आवाज फेकत नाही, घेते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मात्र सगळे ‘माईक’च म्हणतात. प्रस्तुत नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे.

पूर्वपीठिका : ‘मायक्रोफोन’ हा शब्द चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८२७ मध्ये वापरला, पण तो कानाशी धरून क्षीण ध्वनी ऐकण्याच्या एका यांत्रिक साधनासाठी. विद्युत् मायक्रोफोनच्या जनकत्वाचा वाद जुना आहे. एमिल बर्लिनर आणि टॉमस एडिसन या दोघांनीही १८७७ मध्ये अमेरिकेत आपापले दावे दाखल केले व त्यावरून पुढे बरीच वर्षे न्यायालयांत झगडा चालला. डेव्हिड एडवर्ड ह्यूझ यांनी १८७८ मध्ये लंडनला सैल स्पर्शावर चालणारा कार्बन मायक्रोफोन दाखविला, शब्दाला आजचा अर्थ दिला आणि पेटंट न घेता शोध सर्वांसाठी खुला ठेवला. कायद्याच्या निकालापेक्षा तत्त्वाची उकल महत्त्वाची मानली, तर ह्यूझ यांच्याकडे झुकते माप जाते. ई. सी. वेंट यांचा कंडेन्सर मायक्रोफोन १९१६-१७ च्या सुमाराचा. त्याच्या पडद्याला बाहेरून विद्युत् दाब पुरवावा लागे. कायमचा विद्युत् भार धरून ठेवणारा ‘इलेक्ट्रेट’ पदार्थ जपानमध्ये मोतोतारो एगुची यांनी १९२० च्या आसपास बनविला असला, तरी टिकाऊ पातळ पटल वापरून त्याचा व्यवहार्य माईक गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी बेल प्रयोगशाळेत १९६२ मध्ये सिद्ध केला. आजच्या स्वस्त यूएसबी माईकांतील कोश बहुतांशी याच घराण्यातले.

यूएसबीचे पहिले प्रमाणक जानेवारी १९९६ चे आणि ध्वनिसाधनांसाठीची स्वतंत्र श्रेणी १९९८ ची. तिच्यामुळेच असा माईक बहुधा वेगळा ड्रायव्हर न टाकता चालू होतो. पहिला यूएसबी माईक कोणता, याबाबत एकमत नाही. सॅमसन कंपनीचा ‘सी०१यू’ आणि ब्लू कंपनीचा ‘स्नोबॉल’ हे दोन्ही २००५ च्या सुमारास आले व दोघांच्याही नावे अग्रमान सांगितला जातो. यूएसबीवर चालणारे, माईक असलेले हेडसेट त्याआधीही होते. त्यामुळे वाद मुळात ‘माईक’ कशाला म्हणायचे याचा आहे. स्टुडिओ-घाटाचा कंडेन्सर यूएसबीवर आणण्यापुरता विचार केल्यास सी०१यूची बाजू थोडी भक्कम वाटते. घरोघरी प्रसार मात्र २००९ च्या ‘येती’सारख्या नमुन्यांनंतर झाला.

पारख : खोक्यावर छापलेले आकडे खरे असूनही दिशाभूल करू शकतात. ‘२४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ’ हे त्यांपैकी सर्वांत ठळक अक्षरांत असते आणि सर्वांत कमी उपयोगाचे असते. १६ बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत क्षीण आवाज यांतला सैद्धांतिक पल्ला ९६ डेसिबलांचा मिळतो. राहत्या घरातल्या बोलण्याला तो पुरून उरतो. २४ बिटांचा फायदा एवढाच की पातळी मुद्दाम खाली ठेवून मुद्रण करता येते. थेट प्रक्षेपणाला ४८ किलोहर्ट्‌झ पुरते.

अधिक महत्त्वाचा आकडा माईकच्या स्वतःच्या खरखरीचा, म्हणजे स्वरवाचा. तो थेट दिला नसेल, तर ९४ मधून संकेत-रव गुणोत्तर (खोक्यावरचे ‘एसएनआर’) वजा करून काढता येतो. गुणोत्तर ७४ डेसिबल असल्यास स्वरव २० डेसिबल. (९४ डेसिबल म्हणजे १ पास्कल दाब, हे मोजणीचे सर्वमान्य निर्देशस्थान.) पण १६ की २० यावर घासाघीस करण्यापूर्वी खोली ऐकावी. चालू पंख्याच्या खोलीतला गोंगाट साधारणपणे ४५ ते ५५ डेसिबल असतो. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पंखा बंद ठेवणे हा सल्ला कागदावरच राहतो आणि कूलर तर पंख्याहूनही बोलका. अशा खोलीत माईकच्या स्वरवातील चार डेसिबलांचा फरक कोणालाच ऐकू येणार नाही.

ऐकू येतो तो अंतराचा फरक. नेहमीचे बोलणे १ मीटरवर सुमारे ६० डेसिबल धरले, तर ५० डेसिबलांच्या पंख्यावर आवाज जेमतेम १० डेसिबल वर राहतो. माईक १५ सेंटिमीटरवर आणल्यास तो १६ डेसिबलांनी वाढतो, कारण अंतर निम्मे केले की ६ डेसिबल मिळतात. पंखा तेवढाच राहतो. दुप्पट किमतीच्या माईकनेही एवढी मजल मारता येत नाही. सोबत मिळणाऱ्या बुटक्या स्टँडवर मात्र माईक तोंडापासून हात-दीड हात दूर राहतो. परीक्षणात माईकइतकीच स्टँडची किंमत धरावी, असे म्हणण्याचे कारण हेच.

हृदयाकृती (कार्डिऑइड) ग्रहणक्षेत्राचा माईक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो आणि चहूकडून येणारा गोंगाट सर्वदिश (सगळीकडून सारखेच ऐकणाऱ्या) माईकपेक्षा ४.८ डेसिबल कमी घेतो. छताचा पंखा चुकवायचा, तर माईक आडव्या दांडीवरून तोंडाच्या वर, खाली तोंड करून टांगावा. त्याची पाठ आपोआप पंख्याकडे होते. पंख्याचा झोत त्यावर पडतोच, म्हणून फोमची टोपी लागते. माईक कीबोर्डच्या मागे उभा केला, की बटनांची टकटक थेट त्याच्या तोंडावर येते. मेजाचा पृष्ठभागही स्वस्थ बसत नाही. तोंडातून सरळ आलेला आणि मेजावरून उसळलेला आवाज यांच्या वाटांत १७ सेंटिमीटरांचा फरक असेल, तर १,००० हर्ट्‌झजवळ खड्डा पडतो, म्हणजे तेवढ्या पट्टीचा आवाज दबतो, व बोलणे पिंपातून आल्यासारखा वाटतो. माईकखाली टॉवेल घातल्याने हादरे कमी होतात, हा खड्डा भरत नाही.

यूएसबीचा स्वतःचा एक दोष येथे नोंदविला पाहिजे, कारण परीक्षणांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. यूएसबीच्या १२ मेगाबिट गतीवर माहिती दर मिलिसेकंदाला एक अशा हप्त्यांत जाते. वीजपुरवठा नीट गाळलेला नसेल, तर हा ठेका ध्वनीत शिरतो आणि १,००० हर्ट्‌झ व त्याच्या पटींवर बारीक शिट्टी उमटते. वेगवान जोडणीत हप्ते १२५ मायक्रोसेकंदांचे असल्याने ती ८,००० हर्ट्‌झवर जाते. तपासणी सोपी आहे. ३० सेकंद शांतता मुद्रित करावी, ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत वर्णपट (कोणत्या कंप्रतेला किती ध्वनी आहे याचा आलेख) काढावा. १, २, ३ हजारांवर सुया उभ्या दिसल्या, तर दोष माईकचा किंवा पोर्टचा. ५० व १०० हर्ट्‌झवर दिसल्या, तर घरातल्या विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा मुद्रण केल्यावर गुणगुण गेली, तर माईक बदलून काही साधणार नाही. अर्थिंग पाहावे.

थेट प्रक्षेपणात कॅमेऱ्याचे चित्र बहुधा आवाजामागून येते. एक टाळी वाजवून तफावत मोजतात व आवाज तेवढा मागे सरकवतात. माईकवरच हेडफोनचे भोक असल्यास स्वतःचा आवाज विनाविलंब ऐकता येतो. गाणाऱ्याला हे हवेच, बोलणाऱ्याला नसले तरी चालते.

चाचणीचा मजकूर : इंग्रजी परीक्षणांतील ठरावीक वाक्ये मराठी तोंडाला फारशी उपयोगी नाहीत. ख, घ, फ, भ या महाप्राणांचा झोत माईकवर आदळतो, म्हणून ‘भाऊ’, ‘फाटक’, ‘घागर’ असे शब्द हातभर आणि वीतभर अशा दोन्ही अंतरांवरून म्हणावेत. अहिराणी (खानदेशी) बोलणाऱ्याने ‘मन्हा’ (माझा), ‘तुन्हा’ (तुझा), ‘काय करी ऱ्हायना’ यांचा समावेश करावा. न्ह, ऱ्हमधला श्वास गोंगाट-नियंत्रक (नॉइज सप्रेशन) प्रणालीला गोंगाटच वाटण्याचा संभव असतो आणि ‘मन्हा’चा ‘मना’ होऊन बसतो. ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणणाऱ्या बोलीत य आणि त्याला लागून असलेला स्वर यांतले अंतर मुळातच कमी. तेही अशा छाटणीत पुसट होते. म्हणून बोलीचे मुद्रण करताना ही प्रणाली बंद ठेवणे श्रेयस्कर. पंखा नंतर काढता येईल, श्वास परत घालता येणार नाही.

खानदेशातील वापर : भाषाभ्यासक जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारताच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशीला भिल्ली भाषांशेजारी बसविले. तिला मराठीची बोली मानावे की गुजराती-राजस्थानीशी सांधा असलेली वेगळी भाषा, यावर अभ्यासकांत अद्याप मतभेद आहेत. मराठीपासूनचे अंतर अगदीच नाकारणारे मत आज मागे पडलेले दिसते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या १८ लाखांहून अधिक आहे. छापील नमुन्यांत हेल उतरत नाही. घरगुती माईकचे भाषाभ्यासातले मोल तिथे आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी मुलाने उतरवून घेतल्यामुळे टिकली, ती शब्दांपुरती. (त्यांची भाषा लेवा गणबोलीकडची आहे. तिला सरसकट अहिराणी म्हणण्याची चूक वारंवार होते.)

पूर्वी आवाज टिपायचा, तर आकाशवाणीच्या केंद्राची पायरी चढावी लागे. आता अहिराणी गाणी, विनोदी प्रसंग आणि शेतीविषयक चित्रफिती घरातूनच निघतात. जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरातली खोली या कामी चांगली असते. जाड मातीच्या भिंती रस्त्याचा आवाज अडवतात. पत्र्याच्या खोलीत उलट घडते. बोलणाऱ्याच्या मागे गोधडी टांगण्याचा उपाय स्वस्त व बऱ्यापैकी गुणकारी आहे, पण मर्यादेत. १० सेंटिमीटर जाडीचा कापसाचा थर सुमारे ८५० हर्ट्‌झच्या वरचा ध्वनी नीट शोषतो, खालची घुम राहते. गोधडी भिंतीला चिकटवण्यापेक्षा वीतभर सोडून टांगावी.

आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी किंवा श्रावणात कानबाई या देवीच्या रोटांच्या (तिच्या सणाच्या) वेळी बायका मिळून म्हणतात ती गाणी टिपायची, तर वरचे बरेच नियम उलटतात. तिथे एकीच्या तोंडाशी माईक धरला की बाकीच्या हरवतात. सर्वदिश ग्रहणाची सोय असलेला माईक मधोमध, जमिनीपासून हातभर वर ठेवावा, आणि ढोलकी असल्यास तिचा ठोका कमाल पातळीच्या १० ते १२ डेसिबल खाली राहील अशी पातळीची (गेनची) खुंटी लावावी. मुद्रणाच्या सुरुवातीला गाव, तालुका आणि तिथी बोलून घ्यावी. धारिणी (फाइल) एमपी३ऐवजी वेव्ह स्वरूपात ठेवावी.