किशोरवयीन नैराश्यातील चुंबकीय मस्तिष्क उद्दीपन

कवटी न उघडता व भूल न देता, डोक्यावर टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणार्धात बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करून मेंदूच्या ठरावीक भागातील चेतापेशींना उद्दीपित करण्याची उपचारपद्धती. वैद्यकीय व्यवहारात ती 'टीएमएस' (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) या नावाने ओळखली जाते. स्पंदांची मालिका पुन्हापुन्हा दिली जाते तेव्हा तिला 'आरटीएमएस' म्हणतात आणि नैराश्यावर हाच प्रकार वापरतात. प्रौढांमधील, औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये या उपकरणाला प्रथम मान्यता दिली. किशोरवयीनांसाठी तशी मान्यता मिळायला २०२४ उजाडले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या गटाचा विचार केला आहे.

तत्त्व : मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन हा या पद्धतीचा पाया होय. वेटोळ्यातून सेकंदाच्या काही दशसहस्रांश काळापुरता अतिशय मोठा विद्युत्‌प्रवाह सोडला की सु. १.५ ते २ टेस्ला तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र उद्‌भवते व विरते. एमआरआय यंत्रातील क्षेत्राशी ही तीव्रता तुल्य आहे. हाड आणि त्वचा या क्षेत्राला अडवत नाहीत. आत पोहोचलेल्या बदलत्या क्षेत्रामुळे मेंदूच्या पृष्ठभागालगत अल्प विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो व तोच चेतापेशींना जागवतो. म्हणजे उपचार प्रत्यक्षात विजेचा आहे, चुंबक हे तिचे वाहन. बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे, माळा व गाद्या यांच्याशी या पद्धतीचा काहीही संबंध नाही. अंगावर बांधलेल्या चुंबकाचे क्षेत्र स्थिर असते आणि स्थिर क्षेत्र असा प्रवाह निर्माण करू शकत नाही. नेहमीच्या इंग्रजी आठच्या आकाराच्या वेटोळ्याचा थेट परिणाम दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच होतो.

उगम : पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. पॅरिसमध्ये आर्सेन दार्सोंव्हाल यांनी १८९६ मध्ये मोठ्या वेटोळ्यात डोके ठेवल्यावर डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके दिसतात व भोवळ येते, असे नोंदवले. लंडनमध्ये सिल्व्हेनस टॉम्पसन यांनी १९१० मध्ये असेच निरीक्षण स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. यांना चुंबकीय मस्तिष्क उद्दीपनाचे आद्य प्रयोग मानणारे लेखक आहेत. परंतु त्या काळच्या उपकरणांतील क्षेत्र फार सावकाश बदलत असे आणि अशा क्षेत्राला मेंदूपेक्षा डोळ्यातील दृष्टिपटल अधिक संवेदनशील असते. त्यामुळे दिसलेला प्रकाश मेंदूच्या उद्दीपनाचा नसून दृष्टिपटलाच्या उद्दीपनाचा असावा, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. व्हिएन्नामध्ये पोलाचेक व बेअर या दोघांनी १९०२ च्या सुमारास विद्युत्‌चुंबकाने 'नैराश्य व चेताविकार' बरे करण्याच्या उपकरणाचे एकस्व (पेटंट) मागितल्याचा उल्लेख मिळतो. उद्देशाच्या दृष्टीने तो दाखला लक्षणीय आहे, मात्र त्यामागे शारीरक्रियेचा पुरावा नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिधीय (मेंदू व मज्जारज्जूबाहेरील) चेतातंतूंवर प्रयोग झाले. मेंदूच्या चालक भागावर वेटोळे धरून हाताचे स्नायू हलवून दाखवण्याचे श्रेय इंग्लंडमधील शेफील्डच्या अँथनी बार्कर व सहकाऱ्यांना (१९८५) जाते. आधुनिक पद्धतीचा आरंभ येथून धरणे सयुक्तिक ठरते. त्याआधी १९८० मध्ये मर्टन व मॉर्टन यांनी डोक्याच्या त्वचेवरून थेट वीज देऊन हाच परिणाम साधला होता, पण ती रीत वेदनादायक होती.

नैराश्यावरील पहिल्या वापराबाबतही असाच वाद आहे. बॉन येथील होफ्लिख व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दोन रुग्णांवर ही पद्धत वापरली व त्यांना फारसा गुण आला नाही. १९९५ मध्ये मार्क जॉर्ज यांच्या अमेरिकन गटाने सहा रुग्णांच्या मेंदूच्या डाव्या पूर्वललाट (कपाळामागील) भागावर स्पंद दिले. १९९६ मध्ये पास्कुआल-लिओने यांनी सतरा रुग्णांवरील अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. कालानुक्रमाने बॉनचा मान पहिला. मात्र नैराश्यात डाव्या पूर्वललाट भागाची क्रियाशीलता मंदावते या मेंदूचित्रणातील निरीक्षणावरून उद्दीपनाची जागा निवडण्याची दिशा जॉर्ज यांच्या गटामुळे रूढ झाली आणि पुढील बहुतेक अभ्यास तिच्यावरच उभे आहेत.

किशोरवयीनांवरील आरंभीचा वृत्तांत ऑस्ट्रेलियातील वॉल्टर व सहकाऱ्यांचा (२००१) होय. त्यात सात तरुण रुग्ण होते व त्यांपैकी तिघांना नैराश्य होते. पुढील दशकात इस्राएल, अमेरिका इ. ठिकाणी लहान अभ्यास झाले. त्यांत दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मुले असत आणि तुलनेसाठी गट नसे.

उपचाराची रीत : प्रथम चालक भागावर एकेक स्पंद देऊन अंगठा किंचित हलण्यास लागणारी किमान तीव्रता ठरवतात. तिला चालक उंबरठा म्हणतात. उपचारात सामान्यतः उंबरठ्याच्या १२० टक्के तीव्रता वापरतात. लहान वयात हा उंबरठा जास्त असतो व चेतातंतूंचे आवरण परिपक्व होत जाते तसा तो खाली येऊन किशोरवयात हळूहळू प्रौढांच्या पातळीला पोहोचतो. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाची मात्रा प्रौढांच्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. उपचार लांबल्यास ती पुन्हा मोजणेही आवश्यक असते.

जागा शोधणे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. अंगठा हलवणाऱ्या बिंदूपासून पाच सेंटिमीटर पुढे वेटोळे धरावे, ही जुनी रीत. डोक्याचा आकार व्यक्तिपरत्वे बदलतो. तेव्हा याच पाच सेंटिमीटरवर एकाच्या बाबतीत पूर्वललाट भाग मिळतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत वेटोळे त्याच्या मागेच राहते. आरंभीच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष फिके पडण्यामागे हेही कारण असावे. पुढे मेंदूलेखासाठी (ईईजी) ठरलेल्या 'एफ ३' बिंदूवरून मोजण्याची सोपी रीत आली (२००९). एमआरआय चित्राच्या आधाराने वेटोळ्याला दिशा देणारी यंत्रणाही वापरात आहे. फॉक्स व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असे दाखवले की, डाव्या पूर्वललाटातील ज्या बिंदूची क्रिया मेंदूच्या मध्यावरील एका खोल भागाच्या क्रियेशी व्यस्त प्रमाणात असते, तेथील उद्दीपन अधिक गुणकारी ठरते. वाढत्या मेंदूत हे जोडबंध अजून घडत असतात. म्हणून प्रौढांसाठी ठरलेला बिंदू मुलांमध्ये तसाच मानण्याबाबत सावधगिरी हवी.

प्रचलित क्रमात सेकंदाला दहा स्पंद चार सेकंद, नंतर सव्वीस सेकंद विराम, असे करत एका बैठकीत ३,००० स्पंद देतात. बैठक सु. ३७ मिनिटे चालते आणि आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे उपचार होतात. स्पंदांचे छोटे, जलद झुबके देण्याच्या 'थीटा बर्स्ट' या प्रकारात बैठक तीन मिनिटांवर येते. ४१४ प्रौढांवरील कॅनडातील चाचणीत (२०१८) तो दीर्घ बैठकीपेक्षा कमी प्रभावी नसल्याचे दिसले. शाळा, क्लास आणि परीक्षा यांतून सलग सहा आठवडे काढणे कुटुंबाला अवघड जाते. त्यामुळे वेळेची ही बचत मुलांच्या दृष्टीने मोलाची आहे, जरी त्या वयोगटातील पुरावा तुलनेने पातळ असला तरी.

परिणामकारकता : या वयात पर्यायांची गरज खरी आहे. अमेरिकेत किशोरवयीन नैराश्यासाठी मान्यता असलेली औषधे फ्लुऑक्सेटीन (८ वर्षांपासून) व एस्सिटालोप्राम (१२ वर्षांपासून) एवढीच आहेत आणि २००४ पासून नैराश्यरोधी औषधांच्या वेष्टनावर तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढण्याचा इशारा छापावा लागतो. म्हणूनच क्रोअर्किन व सहकाऱ्यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीकडे मोठ्या आशेने पाहिले गेले. तेरा केंद्रांतील, औषधांना दाद न दिलेले १२ ते २१ वयाचे १०३ रुग्ण तीत होते. काहींना खरे स्पंद, तर काहींना केवळ आवाज व टोचणीचा भास देणारा आभासी उपचार मिळाला. लक्षणीय सुधारणा खऱ्या गटात ४१.७ टक्के व आभासी गटात ३६.४ टक्के रुग्णांत दिसली. पूर्ण आराम अनुक्रमे २९.२ व २९.० टक्के. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. उपचार सुरक्षित व सुसह्य असल्याचे मात्र दिसून आले.

या निष्कर्षाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला जातो. एका मते हा उपचार या वयात निष्प्रभ आहे. दुसऱ्या मते आभासी गटातील सुधारणाच एवढी मोठी होती की तीत खरा परिणाम झाकला गेला. किशोरवयीनांच्या औषधचाचण्यांतही आभासी गटाचा प्रतिसाद असाच मोठा आढळतो. शिवाय सहा आठवडे रोज कुणीतरी आपुलकीने विचारपूस करते, दिनक्रमाला शिस्त लागते, घरचे सोबत येतात. खचलेल्या मुलासाठी हे स्वतःच औषध असते. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. तथापि त्यावरून परिणाम सिद्ध झाला असे म्हणता येत नाही आणि पालकांना हे स्पष्ट सांगायला हवे.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने न्यूरोस्टार या उपकरणाला १५ ते २१ वयोगटासाठी पूरक उपचार म्हणून मान्यता दिली. तिचा आधार मुख्यतः दवाखान्यांतील नोंदवहीचा होता. हजाराहून अधिक तरुण रुग्णांपैकी ७८ टक्क्यांत लक्षणीय सुधारणा नोंदली गेली होती. हा आकडा उत्साहवर्धक असला तरी नोंदवहीत आभासी गट नसतो. त्यामुळे तो २०२१ च्या आकड्यांशेजारी ठेवूनच वाचावा.

धोके : डोकेदुखी व वेटोळ्याखालील त्वचेची दुखरी जाणीव नेहमीची असून ती सहसा पहिल्या आठवड्यात ओसरते. यंत्राचा टकटक आवाज मोठा असल्याने कानात बोळे घालावे लागतात. फिट येणे हा गंभीर पण विरळ धोका होय. किशोरवयीनांत अशी मोजकी प्रकरणे प्रसिद्ध असून त्यांपैकी एकीच्या रक्तात मद्य आढळले होते. म्हणून मद्य, अपुरी झोप, फिटचा पूर्वेतिहास व चालू औषधे यांची चौकशी अनिवार्य ठरते. डोक्यात वा कानात धातूचे रोपण असल्यास हा उपचार देत नाहीत.

भारतातील स्थिती : 'शॉक' या शब्दाची भीती या उपचारालाही चिकटते, ती अनाठायी आहे. विद्युत् आघात चिकित्सेत भूल देऊन विजेने मुद्दाम फिट आणतात. येथे फिट टाळायची असते आणि रुग्ण जागा असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला आघात चिकित्सा द्यायची तर पालकाच्या संमतीसोबत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. ती तरतूद केवळ आघात चिकित्सेपुरती आहे. चुंबकीय उद्दीपनासाठी पालकाची संमती घेतात. मुलाचा होकारही तितक्याच गांभीर्याने घेतला जावा, कारण रोज खुर्चीत त्यालाच बसायचे असते. रांची येथील केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थेतून किशोरवयीनांच्या उन्मादावर (मॅनिया) या पद्धतीची आभासी गटासह चाचणी प्रसिद्ध झाली (२०१५) व तीतही दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. बंगळूरच्या निम्हान्ससह मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत ही सोय आहे.

परिणाम दिसायला आठवडे लागत असल्याने आत्महत्येचा तातडीचा धोका असलेल्या मुलासाठी प्रचलित क्रम हा पहिला उपाय नव्हे. तेथे लगेच रुग्णालयात नेणे आवश्यक असते. शासनाची टेलि-मानस दूरध्वनी सेवा (१४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तीवर मराठीतून बोलता येते.