जुनी गाडी तपासायला बोलावताय? आधी विकणाऱ्याला सांगा, गाडी सुरू करू नका

जुनी गाडी घेण्याआधी ती तपासून देणं हा आमचा व्यवसाय. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गाडी जिथे उभी असेल तिथे आम्ही येतो. पेट्रोल की डिझेल, हॅचबॅक की एसयूव्ही, बजेट किती, हे तुमचं ठरलेलं आहे असं धरून पुढचं लिहिलंय. फोनवर रोज तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच छापून घेतलं. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी वाचा. आम्ही दारात आल्यावर वाचून उपयोग नाही.

आम्हाला गाडी थंड हवी

थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली. सकाळी दूध आणायला नेलेली नाही, 'जरा चार्ज व्हावी म्हणून' पाच मिनिटं चालू ठेवलेली नाही.

प्रत्यक्षात काय होतं? आम्ही नऊला पोचतो. गाडी धुऊन-पुसून बिल्डिंगच्या गेटपाशी आणलेली असते, आत एसी चालू. पाहुणे येणार म्हणून घर आवरून ठेवावं तशी. बॉनेटला हात लावला की गरम. विकणारे काका म्हणतात, "आत्ताच तर पार्किंगमधून काढली." स्कॅनर लावला की कूलंटचं तापमान दिसतं: ८५ डिग्री. पार्किंगमधून गेटपर्यंत आणून इंजिन ८५ डिग्रीला जात नाही. काकांच्या मनात दर वेळी काळंबेरं असतंच असं नाही. बऱ्याच जणांना वाटतं की गाडी पटकन सुरू झाली म्हणजे गिऱ्हाईक खूश होईल. पण आमचं निम्मं काम तिथेच संपलेलं असतं.

का, ते नीट सांगतो, म्हणजे तुम्हालाही विकणाऱ्याला पटवून देता येईल.

व्हॉल्व्हचे ऑइल सील झिजले असतील तर रात्रभरात थोडं थोडं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक भपकारा येतो आणि काही सेकंदांत जातो. नंतर दिवसभर गाडी स्वच्छ चालते. तो भपकारा बघायला एक माणूस मागे उभा करावा लागतो, आणि संधी एकदाच मिळते. (थंडीत सकाळी पांढरी वाफ दिसते, ती पाण्याची असते, तिला घाबरू नका. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका घ्यायची.)

टायमिंग चेनचंही तसंच. गाडी उभी असताना ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरलेलं असतं. स्टार्ट केल्यावर प्रेशर तयार होईपर्यंत क्षणभर खडखड झाली तर चालतं. ती रेंगाळली तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर बघावा लागतो, आणि ते काम स्वस्तातलं नाही. डिझेलमध्ये ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आत उष्णता देणारे) गेलेले असतील किंवा कॉम्प्रेशन उतरलेलं असेल तर सेल्फ लांबतो. हे पुण्यात डिसेंबर-जानेवारीत चांगलं कळतं, मे महिन्यात तेवढं कळत नाही, म्हणून उन्हाळ्यात डिझेल गाडी बघताना आम्ही जास्त खोलात जातो. बॅटरी खरंच किती दमाची आहे हेही पहिल्या सेल्फलाच समजतं. आणि रेडिएटरचं झाकण गरम इंजिनवर उघडता येत नाही, उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. मग आत गंज आहे का, तेलाचा तवंग आहे का, हे बघायचं कसं?

लोक विचारतात, गाडी गरम असतानाही काही दोष दिसतात ना? दिसतात. ऑटोमॅटिकचे धक्के, क्लच घसरणं, ट्रॅफिकमध्ये तापमान चढणं हे सगळं गरम गाडीतच कळतं, आणि ते आम्ही बघतोच. जवळ असेल तर चांदणी चौकाच्या चढावर किंवा कात्रज घाटात नेऊन बघतो. पण थंड गाडी तासाभरात गरम करता येते. गरम गाडी तासाभरात थंड होत नाही.

धुण्याबद्दलही सांगून ठेवतो. बाहेरून धुतली तर फार बिघडत नाही, फक्त ओल्या पत्र्यावर रंगातला फरक लपतो. इंजिन मात्र शाम्पू मारून धुतलं की ऑइल कुठून पाझरतंय याचा मागच पुसला जातो. चकाचक इंजिन बघून खूश होऊ नका. दहा वर्षांच्या गाडीच्या इंजिनावर थोडी धूळ असणं हेच स्वाभाविक.

म्हणून आदल्या रात्री विकणाऱ्याला असा मेसेज पाठवा: "उद्या सकाळी गाडी तपासायला माणूस येतोय. तोपर्यंत गाडी जागेवरच राहू द्या, सुरू करू नका, इंजिन धुऊ नका." ज्याला काही लपवायचं नाही तो 'ठीक आहे' म्हणतो आणि विषय संपतो. जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरच्या यार्डातल्या गाड्या तिथली मुलं रोज सकाळी सुरू करून जागा बदलतात, म्हणून यार्ड असेल तर उघडायच्या वेळेलाच जाऊ आणि आदल्या दिवशी त्यांना फोन करून ठेवा. बेसमेंटमध्ये उजेड नसेल तर बॉडी बघण्यापुरती गाडी नंतर वर आणू, पण पहिला स्टार्ट आमच्यासमोरच.

गाडी गरम मिळाली तर आम्ही परत फिरत नाही. बॉडी, खालची बाजू, सस्पेन्शन, स्कॅन, कागद हे सगळं करतो आणि रिपोर्टवर 'कोल्ड स्टार्ट तपासलेला नाही' असं स्पष्ट लिहितो. त्यासाठी पुन्हा यायचं असेल तर अर्धी फी पडते. यावर वाद होतात. "चूक त्यांची, पैसे आम्ही का द्यायचे?" कारण विकणारा आमचा कोणी नाही, आम्हाला तुम्ही बोलावलंय, आणि कोथरूडहून हडपसरला सकाळी जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. त्या वेळात दुसऱ्या कोणाची तरी गाडी बघून झाली असती. दुसऱ्यांदाही गाडी गरमच मिळाली, तर आमच्या मते तेच उत्तर समजा आणि दुसरी गाडी बघा.

टोकन आधी देऊ नका

"दादा, एकदा बघून घ्या, पंधरा हजार देऊन ठेवलेत." असे फोन येतात तेव्हा काय बोलावं कळत नाही. टोकन दिल्यावर रिपोर्ट वाईट आला तरी माणूस पैसे वाचवायला गाडी घेतो. द्यायचंच असेल तर 'तपासणीत पसंत न पडल्यास पूर्ण रक्कम परत' एवढं एक वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आम्हाला बोलावण्याआधी गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघा. कितवा मालक, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, बँकेचा बोजा आहे का, हे घरबसल्या दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म लागणार, आणि लोन अजून चालू असेल तर पैसे थेट बँकेत भरून उरलेले मालकाला द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर थकलेला दंडही बघून घ्या. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का तेही विचारा.

ट्रान्सफरसाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर २८ नंबरची एनओसी आणि इथला रोड टॅक्स वेगळा. दिल्लीच्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात दिसतात त्याचं कारण तिथे १० वर्षांनंतर डिझेल आणि १५ वर्षांनंतर पेट्रोल गाड्यांवर आलेले निर्बंध. गाडी वाईट असेलच असं नाही, पण टॅक्स धरून हिशोब करा, मग ती किती स्वस्त राहते ते बघा.

विम्याचं एक कायम विसरलं जातं. पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्या नावाचा असतो. जाहिरातीत '५० टक्के एनसीबी' लिहिलं म्हणून पाच हजार जास्त देऊ नका.

तुम्हीही तुमची गाडी विकत असाल तर याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. नाव बदललं नाही आणि त्या गाडीने अपघात केला, तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. 'एजंट करतो म्हणाला' हे तिथे चालत नाही.

आम्ही काय बघतो

रंगाची जाडी मोजायचं मीटर असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेलं की परत रंगवलंय, आणि आकडा खूप वर गेला की खाली पुट्टी आहे. दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असेल तर आम्ही गाडी नाकारत नाही, पुण्यात टू-व्हीलरवाल्यांनी न घासलेली गाडी मिळणं कठीणच. पिलर (छत पेलणारे खांब), ॲप्रन (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा) आणि चेसिसवर हात पडलेला असेल तर मात्र नको म्हणतो, किंमत कितीही कमी असो.

किलोमीटर मागे फिरवणं अजूनही चालतं. सर्व्हिसच्या नोंदी, टायरवरची तारीख (शेवटचे चार आकडे, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा), पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड यांचा मेळ घालून बघतो. '३५ हजार चाललेल्या' गाडीवर दुसरा टायरसेट निघाला तर विकणाऱ्याला कारण विचारा.

पाण्यात गेलेल्या गाड्यांचा प्रश्न पुण्यात खरा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ असते. सीटखालच्या रेल्स आणि स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे बघायला विसरू नका.

स्कॅनरमध्ये एकही एरर नसणं ही नेहमीच चांगली बातमी नसते. आदल्या दिवशी एरर पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात, आणि ते रिपोर्टमध्ये येतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो आणि नुसत्या छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो. रोज चार किलोमीटर ऑफिस आणि परत, एवढंच वापरणार असाल तर डिझेल घेऊच नका, तपासणीची फी वाचेल.

आम्ही काय करत नाही

गाड्या विकत नाही, विकत घेत नाही, आणि कोणत्याही यार्डाकडून कमिशन घेत नाही. म्हणूनच आमची फी 'फ्री इन्स्पेक्शन'वाल्यांपेक्षा जास्त वाटते. रिपोर्ट फक्त तुम्हाला मिळतो, विकणाऱ्याला नाही. भाव करायला आम्ही मध्ये पडत नाही, पण दुरुस्तीला अंदाजे किती लागेल ते लिहून देतो, आणि लोक तेवढा कागद दाखवून भाव पाडतात.

नवीन घ्यावी का, हेही विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून एक-दोन वर्षं वापरलेल्या गाडीचा भाव नव्याशी ताडून बघणं जरुरीचं झालंय. फरक थोडाच असेल तर नवीन घ्या, आमचं एक काम गेलं तरी चालेल. नवीन गाडीची डिलिव्हरीआधीची तपासणीही आम्ही करतो, पण ती पासिंगआधी ठरवा. गाडी तुमच्या नावावर चढली की शोरूम बदलून देत नाही. जानेवारीत घेत असाल तर गाडी कुठल्या महिन्याची बनावट आहे ते नक्की बघा.

अपॉइंटमेंटसाठी गाडीचा नंबर, आरसीचा फोटो, गाडी कुठे उभी आहे ते लोकेशन आणि विकणाऱ्याला पाठवलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा. स्क्रीनशॉट आल्याशिवाय सकाळची वेळ पक्की होत नाही. दर मागच्या पानावर आहेत. रविवारी येतो, सोमवारी बंद.