गावकुसाबाहेरून वॉर्डात

सरपंच असो की सालदार, सलाईन लावण्याआधी सिस्टर हात धुते, हातमोजे चढवते. आजार कळो न कळो, काळजी सगळ्यांसाठी सारखीच. ग्रामीण रुग्णालयातला हा नियम तसा अलीकडचा.

त्याआधी विदर्भातल्या खेड्यांना ठाऊक होतं ते माणसालाच बाजूला काढणं. देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा. प्लेगात गाव सोडून वावरात झोपड्या. हे अडाणीपण नव्हे; प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे माहीत नसलं तरी उंदरांचं घर सुटत होतं. महारोग्याला, म्हणजे कुष्ठरोग्याला, मात्र परत बोलावणं नसे. निराधार महारोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा तर २०१६ पर्यंत पुस्तकात होता. वास्तविक कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉक्टर हान्सेनने १८७३ मध्येच दाखवला होता, आणि हा रोग पसरतो फार सावकाश, दीर्घ सहवासातून. बहुतेकांना तो होतच नाही.

१९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोग्यांच्या सेवेचं काम सुरू केलं. सेवाग्रामात महारोग झालेले परचुरे शास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली, स्वतः मालिश केलं. पुढे अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. आसरा मिळाला, मान मिळाला. वस्ती मात्र वेगळीच राहिली.

क्षयाच्या बाबतीत १९५९-६० मध्ये मद्रासच्या अभ्यासाने धक्का दिला: घरी औषध घेणाऱ्याच्या कुटुंबाला, सॅनेटोरियमात, म्हणजे क्षयरोग्यांच्या वेगळ्या इस्पितळात, ठेवलेल्याच्या कुटुंबापेक्षा जास्त लागण होत नव्हती. संसर्ग रोखण्यात मोठा वाटा औषधाचाच होता.

अमेरिकेत १९७० साली विलगीकरणाचे सात प्रकार ठरले होते. एचआयव्हीने ती घडी मोडली. चेहऱ्यावरून लागण ओळखू येईना. म्हणून १९८५ पासून प्रत्येकाचं रक्त धोक्याचं मानायचं ठरलं. १९९६ मध्ये त्यावर आजची मांडणी आली: सर्वांसाठी मूळ काळजी, आणि वर रोग ज्या वाटेने पसरतो तिच्याप्रमाणे स्पर्श, थेंब की हवा, अशी जादा खबरदारी. रोगाचं नाव मागे पडलं, वाट पुढे आली. आपल्याकडे १९९८ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी वॉर्डात कचरा वेगळा करायच्या रंगीत पिशव्या आणल्या.

क्षयाच्या वॉर्डात हवेची वाट म्हणजे खिडकी. पौषातल्या रात्री नातेवाईक ती लावून घेतात, आणि सकाळी आल्या आल्या सिस्टर आधी तीच उघडते.