पीसीआय एक्सप्रेस लेन

पीसीआय एक्सप्रेस लेन म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर किंवा चिपसेट (बोर्डावरची इतर जोडण्या सांभाळणारी चिप) आणि जोडलेले उपकरण यांच्यामधली स्वतंत्र वाट. एका लेनमध्ये तारांच्या दोन जोड्या असतात, एक पाठवण्याची आणि एक घेण्याची. त्यामुळे दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते. ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण ड्राइव्ह), नेटवर्क कार्ड, व्हिडिओ टिपणारे कॅप्चर कार्ड ही सगळी याच लेनवर बसतात. घरी पीसी जुळवताना बोर्डावर स्लॉट किती ते सगळेच मोजतात. लेन किती आणि येतात कुठून हे मात्र खरेदी झाल्यावर कळते.

पिढी बदलली की वेग दुप्पट होतो. २००३ सालच्या १.० आवृत्तीत एका लेनवर एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट जात. ३.० मध्ये हा आकडा सुमारे ९८५ मेगाबाइट, ४.० मध्ये सुमारे १.९७ गिगाबाइट आणि ५.० मध्ये सुमारे ३.९४ गिगाबाइट आहे. जुने कार्ड नव्या स्लॉटमध्ये आणि नवे जुन्यात चालते, पण दोघांपैकी संथ असेल त्याच्या वेगाने. लेनच्या संख्येचेही तसेच. म्हणून चार लेनचे ४.० कार्ड ३.० च्या बोर्डावर लावले तर त्याचा रस्ता निम्मा होतो. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे याचे ठळक उदाहरण. कार्डाला लेन चारच, मेमरी ४ जीबी. ती भरली की कार्ड मुख्य रॅमकडे धावते, आणि ३.० वर नेमक्या त्याच क्षणी खेळ अडखळतो.

लेन दोन ठिकाणांहून येतात. काही थेट प्रोसेसरमधून निघतात, बाकीच्या चिपसेटमधून. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरात २८ लेन असतात. त्यातल्या ४ चिपसेटला जोडण्यात जातात आणि २४ उरतात: १६ ग्राफिक्सला, बाकीच्या ८ बहुधा दोन एम.२ स्लॉटना, म्हणजे एसएसडी आडवी बसते त्या छोट्या खाचांना. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीत ५.० च्या १६ आणि ४.० च्या ४ लेन मिळतात. चिपसेटच्या लेन कागदावर भरपूर दिसतात, पण त्या सगळ्यांची वाहतूक शेवटी एकाच दोरीवरून प्रोसेसरकडे जाते. एएमडीच्या बी६५० चिपसेटमध्ये ती दोरी ४.० च्या ४ लेनची, म्हणजे एका दिशेला सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइटची. इंटेलच्या झेड७९० मध्ये ती ८ लेनची आहे, बी७६० मध्ये ४. चिपसेटवरच्या एका एसएसडीतून दुसऱ्यात फाइल नकलली तर फारसे अडत नाही, कारण वाचन वर जाते आणि लेखन खाली येते. दोन्हींतून एकदम वाचायला घेतले की मात्र गर्दी होते.

त्याच सॉकेटात (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत) बसणारा प्रत्येक प्रोसेसर तेवढ्याच लेन देतो, हा समज महागात पडतो. रायझन ५ ८५००जी हा प्रोसेसर रायझन ७००० च्याच एएम५ सॉकेटच्या बोर्डात व्यवस्थित बसतो, पण वापरायला १० लेन देतो. ग्राफिक्सच्या लांब स्लॉटला त्यातल्या ४ येतात. ‘आत्ता आतल्या ग्राफिक्सवर भागवू, पुढे मोठे कार्ड घेऊ’ असा बेत असेल तर हा प्रोसेसर टाळलेला बरा.

स्लॉटच्या लांबीवर विश्वास ठेवू नये. खालचा दुसरा १६ लेनच्या लांबीचा स्लॉट बहुधा ४ लेनचाच असतो, कधी एकाच लेनचा. टॉर्च मारून आत पाहिले तर सोनेरी पट्ट्या अर्ध्याच्याही आधी संपलेल्या दिसतात. तिथे दोन पोर्टचे जुने १० गिगाबिट कार्ड, जे २.० आवृत्तीचे आणि ८ लेनचे असते, लावले तर २ गिगाबाइट मिळतात. एका पोर्टला ते पुरेसे आहे. एका लेनच्या स्लॉटमध्ये तेच कार्ड ५०० मेगाबाइटवर अडकते.

वाटणीचा तपशील मॅन्युअलच्या तळटिपांत असतो. बोर्ड घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून त्या वाचाव्यात. अनेक बोर्डांत एखादा एम.२ स्लॉट भरला की साटाचे (हार्ड डिस्कच्या केबलचे) एक-दोन पोर्ट बंद पडतात. नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली की लोक केबल बदलतात, डिस्कला दोष देतात. खरे तर ती दुसऱ्या पोर्टात लावली की दिसते. एएमडीच्या एक्स८७० चिपसेटच्या बोर्डांत यूएसबी४ ला प्रोसेसरच्या लेन लागतात, त्यामुळे पुष्कळदा दुसऱ्या एम.२ शी वाटणी होते. ५.० चा एम.२ असलेल्या बऱ्याच झेड७९० बोर्डांत तर चार लेनच्या ड्राइव्हसाठी ग्राफिक्सच्या आठ जातात, कारण तो प्रोसेसर १६ लेन फक्त ८ आणि ८ अशाच तोडतो. उरलेल्या चार वाया. ४.० चे कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर चालले तरी बहुतेक खेळांत फरक जाणवत नाही. आरटीएक्स ४०६० ला तर मुळात आठच आहेत.

चार एसएसडी बसणारे साधे कार्ड घेताना बायोसमध्ये (बोर्डाच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) स्लॉटच्या १६ लेन ४-४-४-४ अशा तोडण्याची सोय आहे ना ते पाहावे. ती नसेल तर पहिलीच एसएसडी दिसते. बी७६० मध्ये प्रोसेसरच्या १६ लेन तुटतच नाहीत. असे दोन-तीन वजनदार कार्डांचे काम रोजचे असेल तर साध्या सॉकेटशी झगडण्यात अर्थ नाही. एएमडीच्या वर्कस्टेशनसाठीच्या थ्रेडरिपर प्रो ७००० मालिकेत ५.० च्या १२८ लेन आहेत. किंमतही त्याच मापाची.

जोडणी झाल्यावर विंडोजमध्ये जीपीयू-झेड या ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या ‘बस इंटरफेस’ या ओळीत प्रत्यक्ष लेन आणि पिढी दिसते. संगणक रिकामा असताना तिथे १.१ दिसले तर घाबरू नये, ती वीजबचत असते. बाजूच्या प्रश्नचिन्हावरची चाचणी चालवली की आकडा चढतो. भार देऊनही १६ च्या जागी ८ किंवा ४ च लेन दिसल्या आणि वाटणीचे कारण नसेल, तर कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात आणि खटका लागेपर्यंत पुन्हा बसवावे. तरी फरक नसेल तर प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना पाहाव्यात. एखादी वाकलेली पिनही लेन कमी करते. कार्ड उभे लावायची ३.० ची जुनी रायझर केबल ४.० च्या कार्डाला जोडली तर पडदा काळा होतो किंवा विंडोजमध्ये डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या, चुका नोंदल्या जातात. बायोसमध्ये तो स्लॉट तिसऱ्या पिढीवर आणला की त्या थांबतात.